काटा सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा

मरीयामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाआधीच्या आठवड्यात, भर पावसात, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले. चार एकर ऊस लावणारे, कष्टाळू, दर रविवारी मिस्साला वेळेवर हजर असणारे हे कुटुंब. थोरली मुलगी बारावीला उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झालेली. तिला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा हवी होती. ती थोडक्यात हुकली. छत्री भिंतीला टेकवून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, आम्ही कारखान्याला ऊस घालतो. गाडी काट्यावर चढली की आकडा डोळ्यांना दिसतो, तरीही कोणी काटा मारील अशी धास्ती असतेच. इथे तर माझ्या पोरीला जास्त गुण, आणि कमी गुणांच्या मुलाला जागा. हा काटा कोणी मारला ते तुम्हीच सांगा."

तो मुलगा कोण, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. त्या मुलाची आई ख्रिस्तमंदिरात त्यांच्यामागे तीन बाके सोडून बसते. चारच दिवसांनी तीही आली. ती सिद्दी समाजाची. आनंदाची बातमी घेऊन आली असेल असे आम्हांस वाटले होते, पण पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "फादर, पोराला जागा मिळाली, देवाची कृपा. पण वसतिगृहात पहिल्याच रात्री त्याला विचारलं, तू गुणांवर आलास की दाखल्यावर? तो घरी यायचं म्हणतो. आणि त्याची थोरली बहीण त्याच्याहून हुशार होती. तिला तेव्हा दाखलाच मिळाला नाही, म्हणून ती घरी बसली. हल्याळला माझ्या भावाच्या पोरीला मिळाला. एकाच आजीच्या दोन नाती, फादर. हा कसला न्याय?"

वाचकहो, एकाच ओसरीवर, एकाच आठवड्यात, दोन माणसांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला: महाविद्यालयाच्या दारात आमच्या लेकरांना कोणत्या मापाने मोजतात? दोघांचेही दुःख खरे होते. दोघांनाही देण्यासारखे उत्तर त्या क्षणी आमच्याजवळ नव्हते.

हाच प्रश्न अमेरिकेत गेली शंभर वर्षे धुमसत आहे. तो तेथे कसा उपजला, कोणकोणती वळणे घेत गेला, हे आम्ही या लेखात मांडणार आहोत. स्वतःच्या अंगणातील भांडणात माणसाचे डोके तापते; दुसऱ्याच्या अंगणातील भांडण पाहताना ते थंड राहते. थंड डोक्याने जे शिकू, ते घेऊन मग आपल्या अंगणात परत येऊ.

शीलाच्या नावाखाली

हार्वर्ड हे अमेरिकेतील सर्वांत जुने महाविद्यालय. त्याची स्थापना १६३६ सालची. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. त्या काळी पूर्व युरोपातील छळाला कंटाळून हजारो यहुदी कुटुंबे अमेरिकेत आली होती. कोणी शिंपीकाम करी, कोणी हातगाडीवर माल विकी. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी ती पोटाला चिमटा घेत. त्यांची मुले परीक्षेत चमकू लागली, आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दर पाच विद्यार्थ्यांत एकाहून अधिक यहुदी दिसू लागले.

त्या वेळचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना हे खुपले. यहुदी मुलांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास रोखावे, असे त्यांच्या मनात होते. ही गोष्ट बाहेर फुटताच मोठा गाजावाजा झाला. प्राध्यापकांची समिती नेमण्यात आली, आणि १९२३ साली तिने अशी उघड मर्यादा घालण्यास नकार दिला. येथे गोष्ट संपली असती तर तो हार्वर्डचा गौरव ठरला असता. परंतु जे पुढच्या दाराने जमले नाही ते मागच्या दाराने आले. अर्जावर वडिलांनी आपले नाव बदलले होते काय, आईचे माहेरचे नाव काय, धर्म कोणता, असे प्रश्न आले. १९२६ पासून केवळ गुण न पाहता मुलाचे 'शील' व 'व्यक्तिमत्त्व' पाहावे असे ठरले, आणि अर्जासोबत छायाचित्र मागण्यात येऊ लागले.

शील पाहू नये असे कोण म्हणेल? आम्ही धर्मगुरू तर शीलालाच मोठे मानतो. पण हे शील मोजले कोणी, कोणत्या काट्यावर, आणि तो आकडा कोणास दाखविला? कोणासच नाही. १९२५ साली यहुदी मुलांचे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक होते. नव्या पद्धतीनंतर ते १५ टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिले. म्हणजे जी मर्यादा उघडपणे नाकारली होती, तीच 'शील' या सुंदर शब्दाच्या पडद्याआड अमलात आली. ज्या मुलास नकार मिळाला, त्यास नकाराचे खरे कारण कधीच कळले नाही.

सोळा जागांचा खटला

यहुदी मुलांना निदान दाराशी येऊ दिले जाई. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांत तेवढेही नव्हते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण शाळा, वस्त्या, बाके, पाण्याचे नळ हे सारे वेगळेच राहिले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तरीही १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय तरुणास मिसिसिपी विद्यापीठात नाव घालता यावे म्हणून सरकारला सशस्त्र शिपाई पाठवावे लागले. त्या दंगलीत दोन माणसे मेली. पुढच्याच वर्षी अलाबामा राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले.

१९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हॉवर्ड विद्यापीठातील भाषणात एक दृष्टांत दिला. वर्षानुवर्षे साखळदंडांत जखडलेल्या माणसाला सोडून शर्यतीच्या रेषेवर आणून उभे केले, आणि आता इतरांबरोबर धाव म्हणून सांगितले, तर तेवढ्याने न्याय झाला असे म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. या विचारातून पुष्कळ महाविद्यालयांनी कृष्णवर्णीय व इतर मागे राहिलेल्या समाजांच्या मुलांना झुकते माप देण्यास आरंभ केला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने दरवर्षीच्या १०० जागांपैकी १६ जागा अशा समाजांसाठी वेगळ्या ठेवल्या. ॲलन बाकी या श्वेतवर्णी तरुणास तेथे १९७३ व १९७४ साली असा दोनदा नकार मिळाला. त्या १६ जागांवर आपल्याहून कमी गुणांची मुले घेतली गेली, अशी त्याची तक्रार होती. आमच्या ओसरीवरील गृहस्थांची होती तशीच. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ च्या निकालाने बाकीस प्रवेश मिळाला व ठराविक जागा राखून ठेवणे बेकायदा ठरले. परंतु वंश हा इतर अनेक गोष्टींपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मोकळीक राहिली. आणि तसे कसे करावे याचा नमुना म्हणून न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी कोणत्या महाविद्यालयाकडे बोट दाखविले? हार्वर्डकडे! गुण, शील, गाव, वंश, कला, खेळ, सर्व काही एकत्र पाहून संपूर्ण माणूस जोखण्याची त्याची रीत त्यांना पसंत पडली. जे उपकरण एकेकाळी यहुदींना रोखण्यासाठी घडविले गेले होते, तेच आता कृष्णवर्णीयांना आत घेण्यासाठी उपयोगी पडू लागले. उद्देश चांगला झाला. पण काटा पूर्वीप्रमाणे बंद खोलीतच राहिला.

पुन्हा तोच शब्द

बंद खोलीतील काट्याने पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९६५ च्या नव्या कायद्यानंतर आशियातून अनेक कुटुंबे अमेरिकेत गेली: चिनी, कोरियन, व्हिएतनामी, आणि आपल्या भारतीयही. एके काळच्या यहुदींप्रमाणे त्यांची मुलेही परीक्षांत पुढे आली. २०१४ साली एडवर्ड ब्लम यांनी स्थापन केलेल्या एका संस्थेने हार्वर्डविरुद्ध व उत्तर कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध दावे लावले. आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो, असा हार्वर्डवर आरोप होता.

२०१८ साली बॉस्टन येथे खटला चालला, आणि तेव्हा प्रथमच त्या बंद खोलीची खिडकी उघडली. हार्वर्ड प्रत्येक अर्जदारास अभ्यासासाठी, इतर उपक्रमांसाठी, खेळासाठी व व्यक्तिमत्त्वासाठी वेगवेगळे अंक देत असे. आशियाई मुले अभ्यासात व उपक्रमांत सरासरीने पुढे होती. व्यक्तिमत्त्वाच्या अंकात मात्र ती सरासरीने मागे पडत. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ साली सर्व पुरावा पाहून, हार्वर्डने हेतुपुरस्सर भेदभाव केला असे सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. तो निर्णय आम्ही येथे मुद्दाम सांगतो, कारण एका बाजूचे ऐकून न्याय होत नाही. तथापि ज्या घरातील मुलाने रात्र-रात्र अभ्यास केला, त्या घरास 'व्यक्तिमत्त्वात कमी पडला' हे शब्द कसे लागले असतील, याची कल्पना आमच्या वाचकांस करता येईल. शंभर वर्षांपूर्वीच्या यहुदी बापासही त्याच प्रकारचे शब्द ऐकावे लागले होते.

त्या खटल्यात आणखी एक गोष्ट उजेडात आली. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंध असलेली मुले व प्राध्यापकांची मुले अशा चार वर्गांना हार्वर्डमध्ये विशेष झुकते माप मिळत असे. अर्जदारांत हे वर्ग शेकडा पाचांहूनही कमी; पण प्रवेश मिळालेल्यांत ते जवळजवळ तीस टक्के! श्वेतवर्णी प्रवेशितांत तर शेकडा चाळीसांहून अधिक मुले या चार वर्गांतील होती. म्हणजे गरीब कृष्णवर्णीय मुलास मिळणाऱ्या सवलतीवर सारा देश वाद घालीत असता, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांची सवलत मागच्या दाराने बिनबोभाट चालू होती.

अखेर २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करण्याची पद्धत दोन्ही खटल्यांत घटनाबाह्य ठरविली. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्‌स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय सोसावे लागले हे अर्जदार आपल्या निबंधात लिहू शकेल, एवढी वाट त्यांनी मोकळी ठेवली. न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर व केटान्जी ब्राउन जॅक्सन यांनी कडक शब्दांत विरोधी मत नोंदविले. ज्या समाजात रस्ता सर्वांना सारखा नाही, तेथे दारात डोळे मिटून घेणे म्हणजे न्याय नव्हे, असा त्यांचा आशय होता. निकालानंतरच्या पहिल्याच वर्षी, २०२४ साली, मॅसॅच्युसेट्‌स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, व आशियाई विद्यार्थ्यांचे सुमारे ४० वरून ४७ टक्क्यांवर गेले. काही इतर महाविद्यालयांत एवढा फरक पडला नाही. एकाचा न्याय दुसऱ्याचे दुःख व्हावे, अशी ही स्थिती आहे.

उघड काट्याची दोन उदाहरणे

मग यातून वाटच नाही काय? आम्हांस दोन उदाहरणे विचार करण्याजोगी वाटतात.

पहिले टेक्सास राज्याचे. १९९६ साली एका न्यायालयीन निकालाने तेथील विद्यापीठांना वंशाचा विचार करण्यास मनाई झाली. तेव्हा राज्याने १९९७ साली एक साधा कायदा केला: राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत जी मुले आपल्या वर्गाच्या वरच्या दशांशात येतील, त्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश. शाळा श्रीमंत वस्तीतील असो की मेक्सिकोच्या सीमेवरील धुळीच्या गावातील असो. मुलाच्या कातडीचा रंग कोणी विचारीत नाही, बापाचे नाव विचारीत नाही. गावच्या मुलीची तुलना शहरातील खास शिकवणी लावणाऱ्या मुलाशी होत नाही. ज्या फळ्यासमोर, ज्या शिक्षकांच्या हाताखाली ती शिकली, तेथेच तिच्याबरोबर बसलेल्यांशी होते. ऑस्टिन येथील मुख्य विद्यापीठात पुढे गर्दी इतकी वाढली की २००९ साली या नियमाला मर्यादा घालावी लागली. शिवाय चांगल्या शाळेतील अकरा टक्क्यांवर राहिलेला मुलगा कुरकुरतोच. दोष नाहीत असे नाही. पण हा नियम आठवीतील मुलालाही समजतो. आपण का आत गेलो वा बाहेर राहिलो, हे प्रत्येकास ठाऊक असते.

दुसरे उदाहरण लिहिताना आम्हां धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविलेले. १८३८ साली मेरीलँड प्रांतातील येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम पुरुष, स्त्रिया व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली, आणि त्या पैशाचा काही भाग कर्जात बुडालेल्या या महाविद्यालयाच्या कामी लागला. विकलेल्यांपैकी बहुतेक बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक होते. कुटुंबांची ताटातूट होऊ नये, त्यांना आपला धर्म पाळता यावा, अशा अटी रोमहून घालण्यात आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पावणेदोनशे वर्षांनी, २०१६ साली, विद्यापीठाने जाहीर केले की त्या २७२ जणांच्या वंशजांना प्रवेशाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकाच मान दिला जाईल. २०१७ च्या एप्रिलमध्ये खास उपासना होऊन येशूसंघाच्या वतीने वंशजांसमोर क्षमा मागण्यात आली. विक्रीच्या यादीतील पहिले नाव आयझॅक असे होते. विद्यापीठातील एका इमारतीस त्या आयझॅक हॉकिन्सचे नाव देण्यात आले.

एवढ्याने १८३८ चे पाप धुतले जात नाही. पण ही सवलत कोणाला, किती आणि का, हे त्या विद्यापीठाने स्वतःचे पाप सांगून, चारचौघांत सांगितले. ऋण उघड कबूल करून फेडू पाहणे आणि सवलत लपवून वाटणे, यांत दिवसरात्रीचे अंतर आहे.

आपल्या अंगणात

आता आपल्या ओसरीवर परत येऊ. आपल्या देशातही हा प्रश्न जुना आहे. मद्रास प्रांतात सरकारी हुकमाने महाविद्यालयांच्या दर १४ जागांची वाटणी ठरलेली होती: ६ ब्राह्मणेतर हिंदूंस, २ मागासलेल्या हिंदूंस, २ ब्राह्मणांस, २ हरिजनांस, १ मुसलमानांस, आणि १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती मिळून. म्हणजे चौदांतील एका जागेवर आपल्या लोकांचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर चंपकम दोरायराजन या बाईंनी त्यास आव्हान दिले, व १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्याच वर्षी संसदेने राज्यघटनेत पहिली दुरुस्ती करून मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार सरकारला दिला. आजच्या राखीव जागांचा एक मोठा आधार ती दुरुस्ती आहे.

कोणी म्हणेल, मद्रासची वाटणी उघड होती, डेव्हिसच्या १६ जागाही उघड होत्या. तरीही न्यायालयांनी दोन्ही मोडल्या. मग उघडपणाचा उपयोग काय? आमचे उत्तर असे की, त्या उघड होत्या म्हणूनच न्यायालयात जाता आले, संसदेत चर्चा झाली, दुरुस्ती झाली. उघड काटा चुकीचा असेल तर तो दाखवून बदलता येतो. हार्वर्डचा १९२६ चा काटा उघडकीस येण्यास पिढ्या लागल्या.

आणि उघड काटाही कसा चुकतो, याचे उदाहरण आमच्या सिद्दी मावशींच्या घरातच आहे. आपल्या या रानपट्ट्यातील सिद्दी म्हणजे पोर्तुगीजांच्या काळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या, व गोव्याकडून पळून घाटमाथ्याच्या रानात आसरा घेतलेल्या माणसांचे वंशज. त्यांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आणि यांची कहाणी एकाच किनाऱ्यावरून निघाली नसेल, पण एकाच प्रकारच्या जहाजातून आली आहे. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला, पण केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तो हक्क २०२० साली मिळाला. मधली सतरा वर्षे, रानातील एका अदृश्य रेषेच्या पलीकडे राहणाऱ्या भाचीस दाखला मिळाला आणि अलीकडे राहणाऱ्या आमच्या मुलीस मिळाला नाही. तीच कातडी, तेच आडनाव, तीच आजी. पण चूक यादीत छापलेली होती, म्हणून लोकांना ती दाखविता आली, आणि अखेर दुरुस्त झाली. थोरल्या बहिणीचे वय निघून गेले. धाकट्याच्या वेळी दार उघडले.

(जमातींच्या यादीस धर्माची आडकाठी नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. अनुसूचित जातींच्या यादीचे तसे नाही. १९५० च्या आदेशात ती हिंदूंपुरती होती. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा तीत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांचा झालेला नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

मग आम्ही त्या दोघांना काय सांगितले?

ऊसवाल्या गृहस्थांना आम्ही म्हटले: आपण रागावलात यात नवल नाही, लेकीचे कष्ट बापाने पाहिलेले असतात. पण कोणी काटा मारलेला नाही. कर्नाटकात अनुसूचित जमातींचा वाटा ३ टक्के होता, तो २०२२ साली ७ टक्के झाला. हे सरकारी राजपत्रात छापलेले आहे, आणि प्रवेशाच्या पुस्तिकेतही छापलेले असते. आपणांस तो वाटा अधिक वाटत असेल तर तसे म्हणण्याचा आपला हक्क आहे. निवडणुकीत, सभेत, न्यायालयातही म्हणता येईल. पण तीन बाके मागे बसणाऱ्या त्या बाईने आपली मुलगी अडविलेली नाही. जागाच थोड्या आहेत, आणि चांगली सरकारी महाविद्यालये त्याहून थोडी. जेथे भाकरी एक आणि तोंडे दहा, तेथे भाकरी कमी का, हे विचारण्याऐवजी आपण शेजाऱ्याचा घास मोजीत बसतो. ते गप्प राहिले. पटले असे आम्ही म्हणणार नाही.

मावशींना आम्ही सांगितले: मुलास घरी आणू नका. त्याला सांगा की दाखल्याने दार उघडते एवढेच. आतली परीक्षा सर्वांना एकाच कागदावर द्यावयाची असते, आणि पदवीवर दाखल्याचा शिक्का नसतो. ज्याने त्याला तो प्रश्न विचारला, त्याच्या आजोबांनी शाळा पाहिली होती काय, आणि याच्या आजोबांनी पाहिली होती काय, हेही विचारून पाहा. लाज त्याने बाळगण्याचे कारण नाही. आणि थोरली बहीण आज सव्वीस वर्षांची आहे. मुक्त विद्यापीठात वयाची अडचण नसते. तिचा अर्ज भरण्यास आम्ही स्वतः बसू.

आमच्या वाचक कुटुंबांनाही दोन शब्द. दहावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता जातीचा वा जमातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवावा. पुष्कळ मुलांची जागा गुणांमुळे नव्हे, एका कागदामुळे जाते. प्रवेशाची पुस्तिका घरातील कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. जागावाटपाच्या फेरीत आपल्या मुलापुढे कोण व कशामुळे गेला, हे यादीत पाहावे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये. आणि आपल्या स्वतःच्या संस्थांबद्दलही हाच प्रश्न विचारण्यास कचरू नये. अल्पसंख्याक म्हणून आपल्या लोकांनाही शाळा-महाविद्यालये चालविण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. त्या संस्थांत कोणाची चिठ्ठी चालते, कोणाची देणगी चालते, गरीब धर्मग्रामवासीयाच्या मुलास कोणत्या मापाने घेतात, हे दारावर लिहिलेले असावे. आम्ही दुसऱ्याचा काटा तपासणार असू, तर आमचा काटाही लोकांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे.

मरीयामातेच्या जन्माच्या सणाला, ८ सप्टेंबरला, नव्या पिकाच्या कणसांचा आशीर्वाद झाला. मिस्सानंतर माणसे पावसातून घराकडे निघाली होती. ते ऊसवाले गृहस्थ मंडपाच्या कडेला थांबले होते. त्यांच्या मुलीने हुबळीस, अधिक फी भरून, दुसऱ्या महाविद्यालयात नाव घातले आहे. सिद्दी मावशी जवळून जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी विचारले, "पोरगा कसा आहे? राहिला का तिकडं?"

"राहिला, दादा," ती म्हणाली. "गणित अवघड जातं म्हणतो."

गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आमच्या पोरीच्या वह्या आहेत घरी. दिवाळीला आला की पाठवून द्या."